झटका गिअरबॉक्सचा, दुखणं इंजिनाचं

वाचकाचं पत्र: "माझा १९९० सालचा पिकअप ट्रक आहे. पेट्रोल इंजिन, ५.७ लिटर, व्ही-८, थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं. गिअरबॉक्स चार स्पीडचा ऑटोमॅटिक, ७००-आर-४. सकाळी गार असताना गाडी चांगली चालते. तापली की उभ्या गाडीत आरपीएम ७०० ते ११०० मध्ये सारखे वर-खाली होतात. पी मधून डी मध्ये टाकलं की धाडकन झटका बसतो. गिअर उशिरा आणि कडक बदलतात. ७० च्या आसपास हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते आणि लांबून येऊन थांबताना कधी कधी इंजिन बंदच पडतं. तीन महिन्यांपूर्वी थ्रॉटल बॉडी काढून साफ करून घेतली होती. आता मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स गेला, पूर्ण ओव्हरहॉल करावा लागेल. करू का?"

उत्तर:

नको. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं गिअरबॉक्सची वाटतात हे खरं, पण त्यांतल्या बहुतेकांचं मूळ बॉनेटखाली, इंजिनाच्या वरच्या भागात असू शकतं. मूळ कारण तसंच ठेवून गिअरबॉक्स नवाकोरा करून बसवला, तर तोही त्याच चुकीच्या हुकमावर चालेल आणि त्याचे नवे क्लचही जळतील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं व्हायला नको.

पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) काढली होती. ती काढताना तीन गोष्टींना हात लागतो. तिच्या खालचं गॅस्केट, तिला जोडलेले व्हॅक्यूमचे पाइप आणि गिअरबॉक्सकडे जाणारी टीव्ही केबल. झटके आणि उशिरा पडणारे गिअर त्या कामाच्या आधी होते की नंतर सुरू झाले, हे आठवून पाहा. नंतरचे असतील तर अर्धं निदान तिथेच झालं.

आधी हा गिअरबॉक्स कुणाचं ऐकतो ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा क्रम असा का आहे ते कळेल. ७००-आर-४ मध्ये गिअर कंप्युटर बदलत नाही, ऑइलचा दाब बदलतो. गाडी किती वेगात आहे हे त्याला गव्हर्नर सांगतो. तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे टीव्ही केबल सांगते. (टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. ही केबल थ्रॉटलच्या लिव्हरपासून निघते आणि गिअरबॉक्सच्या आत एक प्लंजर ढकलते.) या केबलवरून फक्त गिअर कधी बदलायचा एवढंच ठरत नाही, क्लच किती जोराने दाबून धरायचे तो दाबही ठरतो. इंजिनाच्या कंप्युटरच्या हातात एकच गोष्ट असते: टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणाऱ्या भागाच्या) आतला, दोघांना थेट जोडणारा लॉकअप क्लच कधी लावायचा आणि कधी सोडायचा. म्हणजे इंजिनाचा सेन्सर खोटं बोलला किंवा केबल चुकीची ताणली गेली, की धडधाकट गिअरबॉक्सही आजारी असल्यासारखा वागतो.

पहिलं काम ऑइल बघण्याचं. हे सगळेच करतात, पण बरेच जण चुकीच्या पद्धतीने करतात. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून गिअरबॉक्स पूर्ण तापू द्या. सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि पी मध्ये आणा. इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. इंजिन बंद करून पाहिलं तर कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतं आणि पातळी खोटी, जास्त दिसते. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण अर्ध्या लिटरचाच फरक असतो, तेव्हा एकदम लिटरभर ओतू नका. ऑइल कमी असेल तर डी मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा उचलते आणि वळणावर घसरल्यासारखी वाटते. जास्त झालं तर आतले फिरते भाग ते घुसळून फेस करतात. फेसाचा दाब धरत नाही, म्हणून लक्षणं पुन्हा कमी ऑइलसारखीच दिसतात.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लाल किंवा लालसर तपकिरी असेल तर चिंता नाही. काळसर आणि जळका वास असेल तर क्लचचं अस्तर जळतंय. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून पाणी मिसळतंय. तसं असेल तर गाडी एक किलोमीटरही पुढे चालवू नका, कारण पाण्याने क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सुटून येतं. या गिअरबॉक्सला डेक्सरॉन-३ दर्जाचं किंवा त्याच्या जागी आलेलं डेक्सरॉन-६ ऑइल लागतं. टाइप-एफ चुकूनही घालू नका. त्याचे घर्षणाचे गुण वेगळे असतात, गिअर कडक पडतात आणि तुमची तपासणीच भरकटते.

आता इंजिनाकडे वळू. तुमच्या पत्रात गार असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड असं आहे, आणि हा धागा फार उपयोगी आहे.

गार इंजिनाला जास्त हवा लागते. ती थ्रॉटलच्या पाकळीला वळसा घालून आयएसी व्हॉल्व्हमधून येते. हा मोटरवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह कंप्युटर उघड-बंद करून आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या गतीने फिरतं ती गती, सांभाळतो. कुठे व्हॅक्यूम गळत असेल, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडे चोरवाटेने हवा आत येत असेल, तर गार असताना ते लपून जातं. तेवढी हवा हवीच असते, आयएसी फक्त जरा कमी उघडतो. इंजिन तापलं की कंप्युटर आयएसी बंद करत आणतो, अगदी पूर्ण बंद करतो, तरी गळतीची हवा येतच राहते. मग आरपीएम त्याच्या ताब्यात राहत नाहीत.

इथे अनेक जण एका गोष्टीत फसतात. गळती म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे इंजिन मिसिंग करून बंद पडणार, हा समज हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांना बऱ्यापैकी लागू पडतो. तुमच्या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. गळतीने दाब वाढला की कंप्युटरला वाटतं इंजिनावर भार आलाय, आणि तो पेट्रोलही वाढवतो. म्हणून या इंजिनात गळतीचं नेहमीचं लक्षण चढलेला आयडल हे आहे. मॅप सेन्सरचा स्वतःचा बारीक रबरी पाइप चिरला तर मात्र मिश्रण भयंकर घट्ट होतं, पेट्रोलचा वास येतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. तो पाइप दोन्ही टोकांना वाकवून बघा, चिरा टोकालाच असतात.

चढलेला आयडल आणि डी मधला झटका यांचं नातं सरळ आहे. पी मध्ये चाकांकडे ताकद जात नाही. डी मध्ये टाकल्यावर पुढे जाण्याचा क्लच लागतो आणि फिरणारा कन्व्हर्टर एकदम चाकांना जोडला जातो. हे ६५० आरपीएमला घडलं तर हलका धक्का जाणवतो, ११०० ला घडलं तर धाड होणारच. म्हणून झटक्याची तक्रार आयडल ताळ्यावर येईपर्यंत बाजूला ठेवा. आयडल सुधारल्यावरही झटका राहिला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि इंजिनाचे माउंटिंग बघा. चाकांना पुढून-मागून ओट लावून, इंजिन बंद करून शाफ्ट हाताने पिळा. क्रॉसमध्ये खळखळ लागली तर झटक्याचा आवाज तिथून येतोय.

गळती शोधायला व्हॅक्यूम गेज लावा. मॅनिफोल्डच्या थेट पाइपाला, थ्रॉटलच्या खालच्या बाजूला. तापलेल्या सुस्थितीतल्या इंजिनाला आयडलला १७ ते २१ इंच पारा आणि काटा स्थिर हवा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण १२ ते १५ वर असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). काटा ठरावीक तालात झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा एक सिलिंडर मिसिंग करतोय. आरपीएम २५०० ला धरल्यावर काटा हळूहळू खाली घसरत गेला तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय. तुंबलेल्या सायलेन्सरने ओढच कमी होते, आणि त्याचाही आळ गिअरबॉक्सवर येतो.

मग एकेक पाइप चिमटा. ज्याला दाबल्यावर आरपीएम एकदम उतरले, तो गळका किंवा त्याच्या पुढचा भाग गळका. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप विसरू नका. बूस्टरचा पडदा फाटला असेल तर ब्रेक दाबल्यावर इंजिन डगमगतं, आणि थांबताना बंद पडण्याची तुमची तक्रार त्यानेही होऊ शकते. गाडी पी मध्ये ठेवून आयडलला ब्रेक दाबा. इंजिन डगमगलं किंवा पेडलपाशी हवेचा फुस्स आवाज आला तर बूस्टर दोषी. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतले वायू परत मॅनिफोल्डमध्ये सोडणारा) काढून हलवा, आत खुळखुळला पाहिजे. थ्रॉटल बॉडीच्या खालच्या गॅस्केटसाठी कडेकडेने पाण्याचा बारीक फवारा मारा. गळतीपाशी पाणी ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवाराही वापरतात, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते पेट घेऊ शकतं, म्हणून पाणीच बरं. गॅस्केट गळकं निघालं तर बोल्ट करकचून आवळून प्रश्न सुटत नाही. पृष्ठभाग साफ करून नवं गॅस्केट घाला आणि बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

गळती नाहीच निघाली तर आयएसी काढा. टोकावर आणि त्याच्या भोकात काळा थर असतो, तो क्लीनर आणि मऊ ब्रशने काढा. चार पिनांपैकी ए-बी आणि सी-डी या जोड्यांत मल्टिमीटरवर साधारण ४० ते ८० ओहम यायला हवेत, आणि एका जोडीतून दुसऱ्या जोडीत काहीच यायला नको. नवा बसवायचा असेल तर बसवण्याआधी त्याचं टोक बॉडीपासून २८ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलेलं नको. जास्त बाहेर असताना स्क्रू आवळले तर व्हॉल्व्ह तिथेच मोडतो. आणि एक कळकळीची विनंती: थ्रॉटलचा स्टॉप-स्क्रू फिरवून आयडल जमवू नका. तो झाकणाने बंद केलेला असतो तो उगाच नाही. फिरवला की थ्रॉटल किती उघडलंय हे कंप्युटरला सांगणाऱ्या थ्रॉटल सेन्सरचा आधारबिंदू हलतो आणि कंप्युटर आयडल सांभाळायचंच सोडून देऊ शकतो.

थ्रॉटल सेन्सर म्हणजे टीपीएस. त्याला तीन तारा असतात: करडी ५ व्होल्टची, काळी अर्थची आणि निळी सिग्नलची. किल्ली चालू, इंजिन बंद, निळ्या तारेवर मीटर लावून थ्रॉटल हाताने अगदी हळू उघडा. बंद असताना साधारण अर्धा ते एक व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या वर यायला हवं. मधे आकडा एकसारखा चढला पाहिजे. कुठे गोता खाऊन परत वर आला तर तिथे आतली पट्टी झिजलीय. ही जागा नेहमी गाडी चालवताना पाय जिथे राहतो तिथेच असते, म्हणून ७० च्या वेगाला लॉकअप लागतो-सुटतो असा खेळ यातूनही होतो. इथे काटा असलेला जुन्या धाटणीचा मीटर असेल तर उत्तम, डिजिटल मीटर क्षणाचा गोता दाखवत नाही.

कंप्युटरकडे काय नोंद आहे तेही वाचा, त्यासाठी यंत्र लागत नाही. डॅशबोर्डखाली बारा पिनांचा कनेक्टर आहे. त्याच्या ए आणि बी पिना तारेच्या तुकड्याने जोडा आणि किल्ली चालू करा, इंजिन चालू करू नका. चेक इंजिनचा दिवा एकदा, थोडं थांबून दोनदा लुकलुकतो: हा १२, आणि तो तीनदा येतो. म्हणजे यंत्रणा बोलतेय. पुढचा प्रत्येक कोडही तीन-तीनदा येतो. १४ किंवा १५ आला तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, २१ किंवा २२ टीपीएस, २४ वेगाचा सेन्सर, ३३ किंवा ३४ मॅप. यातले १४-१५ आणि २४ तुमच्यासाठी महत्त्वाचे, कारण ते आयडल आणि लॉकअप दोन्ही बिघडवतात. तापमानाचा सेन्सर गार सांगत राहिला तर कंप्युटर आयडल चढवून ठेवतो आणि लॉकअप लावतच नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन तापतच नसेल तरी परिणाम हाच. वेगाचा सेन्सर गेला तर गाडी थांबत येतेय हे कंप्युटरला कळत नाही. मात्र कोड नाही म्हणजे दोष नाही असं धरू नका. फाटलेला पाइप आणि सैल केबल कंप्युटरला दिसत नाहीत.

आता टीव्ही केबल. या गिअरबॉक्सचा जीव या केबलमध्ये आहे असं मी म्हणेन, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. जास्त ताणली गेली किंवा आत अडकली तर गिअर उशिरा आणि कडक पडतात, तुमच्यासारखे. सैल राहिली तर गिअर लवकर आणि लोण्यासारखे मऊ पडतात. चालवणाऱ्याला ते सुखाचं वाटतं, पण आत दाब कमी असतो, क्लच घसरत राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळतो. म्हणून उशिरा पडणारा गिअर त्रासदायक आहे, पण लवकर पडणारा जास्त घातक आहे. कुणी गिअर मऊ करून देतो म्हणून केबल सैल करत असेल तर करू देऊ नका.

लावायची पद्धत अशी. इंजिन बंद. थ्रॉटल बॉडीजवळच्या ब्रॅकेटवर केबलच्या कव्हरला एक चौकोनी बटण आहे, ते दाबून धरा आणि सरकता भाग मागे, फायरवॉलकडे, टोकापर्यंत ढकला. बटण सोडा. आता थ्रॉटलचा लिव्हर पूर्ण उघडेपर्यंत फिरवा. टक्-टक् करत सरकता भाग आपोआप पुढे येऊन योग्य जागी थांबतो. हे शक्यतो आत बसून पेडल पूर्ण दाबून करा, कारण पायाखाली चटई जाड असेल किंवा थ्रॉटलची केबल सैल असेल तर प्रत्यक्षात थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही आणि हिशोब चुकतो. त्यानंतर केबल हाताने ओढून सोडा. ती झटकन परत गेली पाहिजे. रेंगाळली तर आतून गंजलीय किंवा एक्झॉस्टला टेकून कव्हर वितळलंय. अशी केबल तेल घालून चालवू नका, बदला.

केबल लावली की रस्त्यावर जा. हलक्या ॲक्सिलरेटरवर पहिल्याचा दुसरा साधारण २५ ला, दुसऱ्याचा तिसरा ४० च्या आसपास आणि तिसऱ्याचा चौथा ६५ ते ७० दरम्यान पडला तर केबल जमली. मागच्या ॲक्सलचा रेशो आणि टायरचा आकार यांनी यात थोडा फरक पडतो.

थरथरण्याचं कोडं याच फेरीत सोडवा. चौथा गिअर लागल्यावर लॉकअप लागतो आणि आरपीएम आणखी दोन-तीनशेने उतरतात. गाडी थरथरत असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, दिवे लागण्यापुरता. ब्रेकच्या स्विचमधूनच लॉकअपला वीज जाते, त्यामुळे लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर दोष एक तर लॉकअप क्लचचा किंवा लॉकअपने उघडं पाडलेल्या मिसिंगचा. थांबली नाही, तर टायर आणि शाफ्ट बघा. वरच्या दोनपैकी पहिल्या शक्यतेवर लगेच उडी मारू नका. लॉकअप सुटा असताना कन्व्हर्टरमधलं ऑइल इंजिनाचे बारीक झटके गिळून टाकतं. लॉकअप लागला की इंजिन थेट चाकांना जोडलं जातं, तेही कमी आरपीएमला आणि भाराखाली. अशा वेळी एखादा कमजोर प्लग किंवा वायर जी एरवी जाणवत नाही, ती जाणवते. प्लगचा गॅप ०.९ मिलिमीटर ठेवा, डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आतले काळे रेघोटे बघा, आणि रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. ठिणग्या उडताना दिसल्या तर पूर्ण सेट बदला. फवारताना वायरींना हात नको. कन्व्हर्टर बदलल्यावरही थरथर तशीच राहणाऱ्या गाड्यांत दोष बहुधा इथेच असतो.

थांबताना इंजिन बंद पडणं हे मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखं असू शकतं: लॉकअप सुटतच नाही. गार असताना लॉकअप लागतच नसतो, म्हणून तेव्हा त्रास नाही. हे तुमच्या वर्णनाशी जुळतं. तपासणी सोपी आहे. गाडी स्टँडवर घेऊन गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूचा चार पिनांचा चौकोनी प्लग काढा, तो वर बांधून ठेवा आणि दोन दिवस गाडी चालवा. या गिअरबॉक्समध्ये प्लग काढल्याने गिअर बदलण्यावर काही परिणाम होत नाही, फक्त लॉकअप लागत नाही. (याच गिअरबॉक्सच्या नंतरच्या, कंप्युटरने गिअर बदलणाऱ्या पिढीत हा प्रयोग करू नका. तिथे प्लग काढला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते.) बंद पडणं थांबलं तर आधी ब्रेक स्विच बघा: प्लगच्या ए पिनवर १२ व्होल्ट असायला हवेत आणि पेडलला पाय टेकताच ते शून्य व्हायला हवेत. स्विच ठीक असेल तर लॉकअपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) अडकलाय. तो ऑइल पॅन काढून बदलता येतो, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. प्लग काढूनही इंजिन बंद पडत राहिलं तर दोष वरचाच, गळती किंवा आयएसी, किंवा उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा). लॉकअप बंद ठेवून जड सामान किंवा ट्रेलर ओढू नका, ऑइल भलतं तापतं.

पॅन उघडलाच तर तळाचं चुंबक नीट बघा. बारीक करडी पेस्ट वयोमानाप्रमाणे असतेच. काळे पापुद्रे म्हणजे क्लचचं अस्तर, पितळी चकाकी म्हणजे बुश, आणि चिमटीत धरता येतील असे पोलादी तुकडे म्हणजे काहीतरी मोडलंय. फिल्टर आणि त्याची रबरी सील बदला, जुनी सील वरच अडकून राहत नाही ना ते बघा. पॅन काढल्यावर साधारण पावणेपाच लिटर ऑइल परत लागतं, उरलेलं सहाएक लिटर कन्व्हर्टर आणि नळ्यांत राहतं. आधी चार लिटर ओता, इंजिन चालू करा, लिव्हर फिरवा आणि मग डिपस्टिकप्रमाणे भरा. पॅनचे बोल्ट ११ न्यूटन-मीटरच्या आसपास, जास्त नको, पत्रा वाकतो आणि गळती कायमची मागे लागते.

एवढं सगळं करूनही गिअर घसरत असेल तर दाब मोजायला लावा. डाव्या बाजूला, लिव्हरच्या वर प्लग लावलेलं एक भोक आहे. त्याला ३०० पीएसआयपर्यंतचा गेज जोडतात. डी मध्ये आयडलला ५५ ते ७५ पीएसआय, आणि १००० आरपीएमला टीव्ही केबल हाताने पूर्ण ओढली की दाब दुपटीच्या आसपास गेला पाहिजे. केबल ओढूनही दाब हलला नाही तर पंप किंवा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटून देणारा भाग) दोषी. दाब ठीक आहे आणि तरी घसरतोय तर कोणता गिअर घसरतो त्यावरून आतला गुन्हेगार कळतो. पहिला-दुसरा चांगला, तिसरा आणि चौथा दोन्ही घसरतात: तिसऱ्या-चौथ्याचा क्लच जळलाय, या गिअरबॉक्सची सर्वांत परिचित झीज. तिसरा चांगला, पण दुसरा आणि चौथा धरत नाहीत: बँड (ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा) किंवा तो आवळणारा सर्व्हो. अशा वेळी मेकॅनिकचं म्हणणं बरोबर ठरतं आणि ओव्हरहॉल करावाच लागतो. तेव्हा तीन गोष्टी लेखी मागा: कन्व्हर्टर बदलणं, कूलर आणि त्याच्या नळ्या उलट्या-सुलट्या धुऊन काढणं, आणि गाडी सोडण्याआधी टीव्ही केबल दाबाच्या गेजवर लावून देणं. कूलरमध्ये जुन्या क्लचचा चुरा राहिला तर तो पहिल्याच दिवशी नव्या व्हॉल्व्ह बॉडीत जातो.

तुमच्या बाबतीत मी पैज लावायची झाली तर थ्रॉटल बॉडीखालच्या गॅस्केटवर आणि टीव्ही केबलवर लावीन, थांबताना बंद पडण्यासाठी लॉकअपच्या सोलेनॉइडवर. तपासण्या होईपर्यंत गाडी चालवावी लागली तर ओव्हरड्राइव्हऐवजी, म्हणजे चौथ्या गिअरऐवजी, लिव्हर तिसऱ्यावर ठेवा, सिग्नलला थांबताना एन मध्ये टाका आणि डी मध्ये टाकताना आरपीएम खाली उतरण्याची वाट पाहा. आणि रोज सकाळी गाडीखाली लाल थेंब आहेत का ते बघा.